पळीवाढं पाणी

जेवताना कुणाला ठसका लागला की आपण म्हणतो, "वर बघ, वर बघ." टाळूवर थापटतो, पाठ चोळतो आणि ठसका थांबतो न थांबतो तोच पाण्याचा तांब्या पुढं करतो. नांदेड घ्या, लातूर घ्या, आमच्या मराठवाड्यात ही रीत घरोघरची. धडधाकट माणसाचं तिनं काही बिघडत नाही, त्याची खोकल्याची ताकद शाबूत असते. पण अंगावरून वारं गेलेला माणूस, कंपवातानं थरथरणारी आजी, घशाच्या कर्करोगासाठी शेक घेतलेला रुग्ण यांच्या बाबतीत हीच माया जिवावर बेतू शकते. मान वर गेली की श्वासनळीची वाट मोकळी होते, आणि पुढं केलेलं साधं पाणी या माणसांना गिळायला सगळ्यात अवघड असतं.

पाणी अवघड, हे ऐकायला उलटं वाटतं. अडकतो तो भाकरीचा घास, पाण्यानं तर तो खाली उतरतो, असा आपला जन्माचा अनुभव. पण एकदा गळ्याच्या घाटीवर हलकं बोट ठेवून आवंढा गिळून पाहा. घाटी टुणकन वर जाते आणि परत खाली येते. तेवढ्या वेळात आत बरंच काही घडलेलं असतं. जीभ घोट मागं ढकलते, पडजीभ आणि मऊ टाळू नाकाची वाट बंद करतात, स्वरयंत्र वर आणि पुढं उचललं जातं, स्वरतंतू मिटतात, त्यांच्यावर झाकण कलतं, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचं मिटलेलं तोंड उघडतं. घशातला हा सगळा खेळ साधारण एका सेकंदात उरकतो. श्वासाची वाट पुढं आणि अन्नाची मागं, त्यामुळं प्रत्येक घोटाला श्वासाचा रस्ता ओलांडूनच जावं लागतं. रेल्वेचं फाटक वेळेवर पडलं तर ठीक. मेंदूला इजा झाली, नसा दुबळ्या झाल्या, घशाचे स्नायू आखडले, की फाटक पडायला उशीर होतो. पाणी मात्र कुणासाठी थांबत नाही. ते जिभेवरून घरंगळतं आणि फाटक पडायच्या आत श्वासनळीशी पोचतं.

घट्ट पेय द्यायचं ते एवढ्याचसाठी. दाट घोट सावकाश सरकतो, एकसंध राहतो, इकडंतिकडं फुटत नाही. दुबळ्या घशाला थोडा जास्त वेळ मिळतो. औषध म्हणून त्यात काही नाही, फक्त वेग कमी करणं आहे.

पक्षाघाताच्या पहिल्या दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो. त्यातल्या बऱ्याच जणांचा त्रास दोनेक आठवड्यांत ओसरतो, काहींचा महिनोन्‌महिने राहतो. खुणा घरच्यांना दिसत असतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही. पाणी पिताना खोकला, पिऊन झाल्यावर ओला, घुरघुरता आवाज, गालफडात साठून राहिलेला घास, नाकातून परत येणारा चहा, तासभर चालणारं जेवण, संध्याकाळी चढणारी कणकण, उतरत जाणारं वजन. "आजकाल आबा लई कमी खायलेत" असं म्हणून आपण ते वयावर टाकतो. सगळ्यात धोक्याची खूण म्हणजे खूणच नसणं. काही रुग्णांच्या घशाची जाणीवच बोथट झालेली असते. पाणी फुप्फुसाकडं जातं आणि साधा ठसकाही लागत नाही. घरचे समाधानानं म्हणतात, आता खोकला थांबला. आठ दिवसांनी न्यूमोनिया होऊन माणूस पुन्हा खाटेवर.

आमच्या भागात या रुग्णांमध्ये आणखी एका मोठ्या घोळक्याची भर आहे. गुटखा, तंबाखू आणि मिश्री यांनी पोखरलेल्या तोंडांची. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. पण तोंड दोन बोटांपलीकडं न उघडणारे तरुण आणि जिभेची शस्त्रक्रिया झालेले शेतकरी अजूनही दवाखान्यांच्या रांगांत आहेत. किरणोपचारानंतर त्यांची लाळ आटते, स्नायू ताठरतात, आणि गिळण्याचा त्रास कधी कधी उपचार संपल्यावर कित्येक वर्षांनी डोकं वर काढतो.

रुग्णालयातून सुटी देताना नातेवाइकांच्या हाती औषधांची यादी देतात आणि जाता जाता सांगतात, "पातळ देऊ नका, घट्ट करून पाजा." आमच्या घरातही एका वडीलधाऱ्या माणसाच्या वेळी एवढंच सांगितलं गेलं होतं. घट्ट म्हणजे किती घट्ट, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. घरी आल्यावर एकीनं केलेली पेज पाण्यासारखी, दुसरीनं केलेली खीर चमच्याला चिकटून बसणारी. दोघींच्या मते ती घट्टच.

खरं तर दाटपणा सांगायला मराठी स्वयंपाकघराइतके शब्द क्वचितच कुठं असतील. सार पातळ, कढी सरसरीत, आमटी पळीवाढी, पिठलं लपथपीत, उकड गोळा होणारी. पळीनं वाढता येईल इतपत पातळ ते पळीवाढं, या एका शब्दात अख्खं माप आहे. मराठवाड्याला तर पातळ पदार्थ दाट करण्याची कला परंपरेनंच आलेली. लग्नाच्या पंगतीतली येसराची आमटी घ्या. भाजलेल्या धान्याचं नि डाळीचं मसाल्यासह दळलेलं पीठ, तेच आमटीला अंग देतं. हुलग्याचं माडगं, ज्वारीची आंबील, तांदळाची पेज. घशाच्या दुखण्यासाठी वेगळं काही विलायती शिकावं लागत नाही, हाताला सवय आहेच. अडचण मापाची आहे. नांदेडची पळीवाढी आमटी आणि उदगीरची पळीवाढी आमटी सारखी असेलच असं नाही. पंगतीत त्यानं काही बिघडत नाही, दुबळ्या घशात बिघडतं.

हा घोळ फक्त आपला नव्हता. अमेरिकेत २००२ पासून नेक्टर, मध आणि पुडिंग अशा उपमांनी दाटपणा सांगत, ऑस्ट्रेलियात आकड्यांनी, ब्रिटनमध्ये आणखी निराळ्या शब्दांनी. एका रुग्णालयातून दुसऱ्यात गेलेल्या रुग्णाला भलत्याच दाटपणाचं पेय मिळायचं. म्हणून २०१३ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी एक आंतरराष्ट्रीय गट बांधला. 'इड्सी' या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. त्यांनी शून्य ते सात अशा पायऱ्या ठरवल्या. पेयांसाठी त्यातल्या पहिल्या पाच. शून्य म्हणजे पाणी, एक किंचित दाट, दोन थोडं दाट, तीन मध्यम दाट आणि चार म्हणजे चमच्यानंच खाता येईल इतकं दाट. मला या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती त्यांनी शोधलेलं मोजमाप. त्याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. १० मिलीची इंजेक्शनची सिरिंज लागते, बस्स.

सुई नको. टोक साधं, निमुळतं हवं, सुई पिळून बसवायच्या आट्यांचं नको. पट्टीनं एकदा मोजून घ्यायचं, शून्यापासून दहाच्या रेघेपर्यंतचं अंतर ६१.५ मिलिमीटर असावं, कारण लांबी बदलली की धारेचा जोर बदलतो. दट्ट्या काढून टाकायचा. खालचं भोक बोटानं दाबून धरायचं. वरून दहाच्या रेघेपर्यंत पेय भरायचं. सिरिंज सरळ उभी धरून बोट काढायचं आणि घड्याळाकडं बघत १० सेकंद मोजायचे. दहा झाले की बोट परत भोकावर. आत किती उरलं ते वाचायचं. साधं पाणी सगळं निघून गेलेलं असतं. १ ते ४ मिली उरलं तर ती पहिली पायरी. ४ ते ८ उरलं तर दुसरी. ८ च्या वर उरलं, पण थोडं तरी ठिबकलं, तर तिसरी. थेंबही हलला नाही तर चौथी. चौथीची खात्री चमच्यानं करायची. चमचा तिरका केल्यावर गोळा एकसंध घसरून पडला पाहिजे, चिकटून राहता कामा नये, कारण चमच्याला चिकटणारं घशालाही चिकटतं.

एवढं करायला दोन मिनिटं पुरतात, आणि घरात चाललेला "हे घट्ट की ते घट्ट" हा वाद कायमचा मिटतो. कोणत्या रुग्णाला कोणती पायरी, हे मात्र घरच्यांनी ठरवायचं नाही, त्याबद्दल पुढं बोलू.

आता आंबील घ्या. दोन चमचे ज्वारीचं पीठ रात्री वाटीभर ताकात भिजवलं, सकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात ते बारीक धारेनं सोडलं आणि हात न थांबवता ढवळलं, की थोड्या वेळानं पांढुरकं पाणी अचानक अंग धरतं, त्याला चकाकी येते, पिठाचा कच्चा वास जातो. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास पिठातले पिष्टमयाचे कण पाणी पिऊन फुगतात, म्हणून हा बदल एकदम होतो. कच्चं पीठ किंवा कच्चा कॉर्नफ्लोर नुसता पाण्यात कालवून दाटपणा येत नाही, तो तळाशी बसतो. आंबील रुग्णासाठी असेल तर पीठ वस्त्रगाळ हवं आणि शिजल्यावर पुन्हा सुती फडक्यातून गाळायला हवी. मोहरी, कढीपत्ता, कोथिंबीर, लसणाचे तुकडे काही नको. मीठ आणि जिऱ्याची वस्त्रगाळ पूड चालेल. तिखट नको, ते स्वतःच ठसका काढतं. गाळली नाही तर आणखी एक फसवणूक होते. कोंड्याचा कण सिरिंजच्या भोकात अडकतो, पेय थांबतं आणि आपल्याला वाटतं, छान दाट झालंय.

पिष्टमय दाटपणाचे दोन स्वभाव लक्षात ठेवायला हवेत. पहिला असा की तो गार होताना वाढत जातो. चुलीवरून उतरवल्यावर सिरिंजमधून निम्मी उतरणारी आंबील तासाभरानं जागची हलेनाशी होते. म्हणून ज्या वेळी पाजायची त्या वेळीच, त्याच तापमानाला मोजायची. सकाळचं माप दुपारी चालत नाही.

दुसरा स्वभाव लाळेचा. शाळेत आपण शिकलो आहोत की लाळेतला अमायलेज पिष्टमय पदार्थ तोडतो. याचा प्रत्यय घरी घेता येतो. तांदळाची दाट पेज दोन वाट्यांत घ्या, एका वाटीत तोंडातून काढलेला चमचा दोन-चारदा फिरवा आणि दहा मिनिटं थांबा. त्या वाटीतली पेज सैल पडते, कडेला पाणी सुटतं. म्हणजे रुग्णाला चार चमचे भरवून तोच चमचा भांड्यात बुडवत राहिलं, तर शेवटी शेवटी आपण त्याला पातळ पाजत असतो आणि आपल्याला ते कळतही नाही. उपाय साधा आहे. लहान वाटीत थोडं थोडं घ्यायचं, उरलेलं भांड्यात परत ओतायचं नाही, आणि रेंगाळलेली वाटी टाकून द्यायची. अमायलेजचं काम आंबट पदार्थात मंदावतं. त्या हिशेबानं ताकातली आंबील साध्या पेजेपेक्षा बरी टिकावी. तरीही चमच्याचा नियम तिलाही लागू.

औषधाच्या दुकानात आणि ऑनलाइन मिळणाऱ्या पावडरी दोन प्रकारच्या असतात. एक प्रक्रिया केलेल्या स्टार्चची, लाळेबाबत तिचं वागणं आपल्या पेजेसारखंच. दुसरी झॅन्थन गमची. एका जिवाणूच्या मदतीनं साखर आंबवून हा डिंकासारखा पदार्थ तयार होतो. अमेरिकेत पिओरिया इथल्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत ॲलेन जीन्स या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनातून तो पुढं आला आणि १९६९ मध्ये तिथं खाद्यपदार्थांत वापरायला मान्य झाला. लाळेनं तो तुटत नाही, पाणी गढूळ दिसत नाही, कमी पावडरीत काम होतं. साधं पाणी किंवा औषधाचं पाणी दाट करायचं तर माझ्या मते हाच प्रकार सोयीचा. डब्यावर लिहिल्याप्रमाणं मापानं टाकायचा, भरभर ढवळायचा आणि सांगितलेली मिनिटं थांबायचं. दुधात त्याला अंग धरायला जास्त वेळ लागतो. धीर सुटून वरून आणखी पावडर टाकली तर दहा मिनिटांनी त्याची लापशी होते.

काही गोष्टी टाळायच्याच. इसबगोल घालून पाणी दाट करू नये, तो घशात फुगून बोळा होऊ शकतो. सब्जाचं बी फुगतं, पण भोवतीचं पाणी पातळच राहतं. कुल्फी, बर्फाचा गोळा, जेली ताटात दाट दिसतात आणि तोंडात पाणी होतात. टरबूज आणि संत्रं चावताक्षणी रस सोडतात. आजाऱ्याला म्हणून आपण प्रेमानं देतो तो दूध-भाकरीचा काला, पातळ वरणात कुस्करलेली भाकरी किंवा उन्हाळ्यातल्या ताक-कण्या, यांत एकाच घासात पातळ आणि दाणेदार असे दोन पदार्थ असतात. दाणे चावत असताना पातळ भाग आधीच घशात उतरतो. दुबळ्या घशाला यापेक्षा अवघड परीक्षा नाही. तेच मिक्सरमधून काढून, गाळून, एकजीव करून दिलं तर चालू शकतं. औषधांचाही विचार हवा. बद्धकोष्ठासाठी दिली जाणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर स्टार्चनं दाट केलेल्या पेयात मिसळली की ते पेय पुन्हा पातळ होतं. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०२१ मध्ये तशी सूचना काढली होती. आणि बाळाच्या बाबतीत स्वतःच्या मनानं काहीच करू नये. मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांमध्ये झॅन्थनच्या दाटकानंतर आतड्याचा गंभीर आजार आढळल्यानं अमेरिकेत २०११ मध्ये इशारा दिला गेला होता.

दाट पेय म्हणजे रामबाण, असा समज होण्याआधी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. स्मृतिभ्रंश आणि कंपवाताच्या ७११ रुग्णांचं गिळणं अमेरिकेत क्ष-किरणांखाली पाहिलं गेलं, तेव्हा मधाइतकं दाट पेय श्वासनळीत सगळ्यात कमी गेलं. पण त्याच रुग्णांपैकी ५१५ जणांवर तीन महिने लक्ष ठेवलं, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले आणि डॉक्टर मंडळी विचारात पडली. एका गटाला हनुवटी खाली झुकवून साधं पातळ पेय दिलं होतं, दुसऱ्याला दाट पेय. न्यूमोनियाच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही. उलट शरीरातलं पाणी कमी होण्याचा त्रास दाट पेयाच्या गटात ६ टक्के लोकांना झाला, दुसऱ्या गटात २ टक्क्यांना. कारण उघड आहे. दाट पाण्यातलं पाणी शरीराला पूर्ण मिळतं, त्यात खोट नाही, पण माणूस ते पीतच नाही. त्यानं तहान भागल्यासारखी वाटत नाही. आणि गरजेपेक्षा जास्त दाट केलं तर ते घशाच्या खळग्यांत साचून राहतं आणि मागाहून श्वासात जातं. म्हणून डॉक्टरांनी दुसरी पायरी सांगितली असेल तर "जास्त घट्ट तेवढं सुरक्षित" म्हणून तिसरी करू नये.

हे आकडे आपल्याकडं जास्त गंभीरपणे घ्यायला हवेत. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे पाणी घेऊन आली तेव्हा लातूरनं घोटाघोटाचा हिशेब केला होता. तोच हिशेब पत्र्याच्या खोलीत पडून असलेल्या रुग्णासाठी करावा लागतो. तो बऱ्याचदा तोंडानं मागू शकत नाही, आणि मागतो तेव्हा म्हणतो, "घोटभर साधं पानी दे की गं माय." ऐकणाऱ्या लेकीच्या पोटात कालवतं. मला वाटतं, तिला दोष न देता तिच्या हाती हिशेब द्यायला हवा. दिवसाचं किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं, तेवढं सकाळी मापाच्या भांड्यात बाजूला काढावं, दर तासा-दीड तासानं त्यातलं थोडं थोडं दाट करून द्यावं आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दिवसाच्या चौकोनात वाट्यांच्या रेघा ओढाव्यात. रेघा कमी पडल्या, जीभ कोरडी दिसली, लघवी गडद झाली, माणूस गुंगीत वाटू लागला तर संध्याकाळची वाट पाहू नये.

साध्या पाण्याची ती विनवणी अगदीच अमान्य करायची का? अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरात फ्रेझियर या पुनर्वसन रुग्णालयानं १९८४ पासून एक वेगळी वाट चोखाळली आहे. तिथं निवडक रुग्णांना जेवणाच्या वेळा सोडून, जेवणानंतर अर्धा तास गेल्यावर, तोंड स्वच्छ करून साधं पाणी पिऊ देतात. विचार असा की थोडं स्वच्छ पाणी फुप्फुसात गेलं तर शरीर ते शोषून घेतं, न्यूमोनिया करतात ते त्याच्यासोबत जाणारे तोंडातले जंतू आणि अन्नाचे कण. हे प्रत्येकाला लागू नाही, तज्ज्ञाच्या संमतीशिवाय तर नाहीच. पण त्यातला तोंडाच्या स्वच्छतेचा भाग सर्वांसाठी आहे. १९९८ च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं की न्यूमोनियाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत किडलेले दात, आणि घास भरवायला व तोंड धुवायला दुसऱ्यावर अवलंबून असणं, या ठळक होत्या. आमच्याकडं पडून असलेल्या माणसाचं अंग रोज पुसतात, कपडे बदलतात, तोंड मात्र चूळ भरता येत नाही म्हणून राहून जातं. मऊ ब्रश किंवा ओल्या सुती कापडानं दिवसातून दोनदा दात, हिरड्या, जीभ, गालांची आतली बाजू पुसली पाहिजे, कवळी काढून धुतली पाहिजे. हिरड्यांना मिश्री लावायची आजीची सवय या दुखण्यात तरी थांबवायलाच हवी.

पाजण्याच्या रीतीही बदलाव्या लागतात. ओठ न लावता तांब्यानं वरून पाणी पिणं ही आपली शुचितेची सवय, पण त्यात मान मागं जाते आणि धार थेट घशात पडते. रुग्णाला वरून पाणी कधीच नको, बोंडल्यानं तर नाहीच. बशीतल्या चहाचा फुरका मारताना श्वास आत ओढला जातो आणि त्याच क्षणी चहा घशात असतो, म्हणून फुरकाही बंद. चहा बंद करायची मात्र गरज नाही, तोही दाट करून चमच्यानं देता येतो, आणि सकाळचा चहा मिळाला की रुग्णाचा चेहरा वेगळाच दिसतो. त्याला पूर्ण बसतं करावं, पाठीला उशा लावाव्यात, आपण त्याच्या समोर, त्याच्याच उंचीवर बसावं. उभं राहून भरवलं की तो मान वर करतो. घोट चहाच्या चमच्याइतका असावा. घाटी वर जाऊन खाली आली, हे पाहूनच पुढचा द्यावा. हनुवटी छातीकडं झुकवायची की नाही, हे ज्याचं त्याला तज्ज्ञ सांगतील, काहींना त्याचा उपयोग होतो, काहींना नाही. प्यायल्यावर निदान अर्धा तास आडवं करू नये. पेंगुळलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये.

तज्ज्ञ म्हणजे कोण, असा प्रश्न लोकांना खरोखर पडतो. गिळण्याची तपासणी आणि व्यायाम हे स्पीच थेरपिस्टचं काम आहे. आपल्याकडं या लोकांना तोतरेपणाचे डॉक्टर समजतात, त्यामुळं पक्षाघाताच्या रुग्णाला त्यांच्याकडं न्यावं हे सुचतच नाही. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी असते, ती विचारून घ्यावी. घशाची दुर्बिणीतून तपासणी कान-नाक-घसा विभागात होते. तो विभाग नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आहे आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालची जिल्हा केंद्रं आहेत, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथं दाखवता येतं. किनवट-माहूरहून नांदेड शंभराहून जास्त किलोमीटर पडतं, रुग्णाला घेऊन पुन्हा पुन्हा येणं होत नाही. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर त्याच्या पिण्याचं आणि खाण्याचं दोन-तीन मिनिटांचं चित्रीकरण करून ठेवावं. दवाखान्यात घाबरून तो नीट पीत नाही, घरचं चित्र डॉक्टरांना खरी गोष्ट दाखवतं.

आणि तिथून निघताना "घट्ट करून पाजा" एवढ्यावर उठू नका. कितवी पायरी, दिवसाला किती मिली आणि पुन्हा तपासणी कधी, हे तीन आकडे कागदावर लिहून घ्या. शेवटचा आकडा विसरू नका, कारण बऱ्याच रुग्णांचा घसा सुधारतो आणि पायरी खाली आणता येते, पण विचारलंच नाही तर तो माणूस वर्षभर विनाकारण दाट पाणी पीत राहतो. घरी जाताना मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज घ्या, सुई तिथंच परत द्या, आणि सिरिंज धुऊन पुसून पाण्याच्या माठाशेजारी ठेवा.